भिंतीला मीठ फुटते तेव्हा

दसरा उलटला की घरोघर भिंतींची पाहणी सुरू होते. पूर्वी चुन्याच्या बादल्या निघत, आता डिस्टेंपरचे डबे येतात, एवढाच फरक. भिंती खरवडायच्या, भेगा बुजवायच्या, वरून रंगाचे दोन हात द्यायचे आणि वसुबारसेच्या आत घर कसे लख्ख करून ठेवायचे, हा गृहस्थाश्रमातला वार्षिक नेमच आहे. आणि मग ऐन पाडव्याला, पाहुण्यांपुढे फराळाच्या बशा मांडता मांडता, गृहिणीची नजर माजघराच्या कोपऱ्याकडे जाते. नव्या कोऱ्या रंगावर, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, पांढरी भुरी धरलेली असते. बोट फिरवले तर पीठ हाती येते. फुंकर घातली तर कापसासारखे उडते. दोन-चार दिवसांत त्याच जागी रंगाला फुगे येतात, तुळशीचे लग्न लागेपर्यंत पोपडे गळू लागतात आणि खाली जमिनीवर विटेचा तांबडा भुगा साचतो. यजमान रंगाऱ्याला बोलावून खडसावतात. रंगारी म्हणतो, रंग हलका होता, पुढच्या वर्षी भारीतला आणा. पुढच्या वर्षी भारीतला येतो आणि तोही तसाच गळतो.

याला आपल्याकडे लोणा म्हणतात. काही ठिकाणी नुसते ‘खार फुटला’ असेही म्हणतात. शब्दांचा धंदा करणारा माणूस असल्यामुळे इथे क्षणभर थांबल्यावाचून मला राहवत नाही. संस्कृतातल्या ‘लवण’ शब्दाचे आपल्या भाषेत लोण झाले. त्याच घराण्यातले लोणचे आपल्या ताटात आहे. बुलढाणा जिल्ह्यातले खाऱ्या पाण्याचे लोणार सरोवर आणि तिथल्या लवणासुराची कथाही त्याच गोत्रातली. लोणी मात्र या कुळातले नव्हे. ते ‘नवनीता’च्या घरचे आहे, नावसाधर्म्याने फसू नये. सांगायचे इतकेच की ज्यांनी या पांढऱ्या भुरीला लोणा हे नाव दिले त्यांना तिचे स्वरूप नेमके ठाऊक होते. ही बुरशी नव्हे, कीड नव्हे, रंगाचा दोष नव्हे आणि घराला लागलेली दृष्टही नव्हे. हे मीठ आहे. जुने गवंडी तर बोटावर घेऊन सरळ जिभेला लावून पाहत. (आपण मात्र तसे करू नये, भिंतीत कोणकोणते क्षार असतील याचा नेम नाही.)

आता हे मीठ भिंतीत आले कुठून, आणि नेमके दिवाळीलाच बाहेर का पडले? उत्तर आपल्या दारातल्या पणतीत आहे. पणतीतले तेल खाली असते, ज्योत वर असते आणि मधली वात ते तेल मुकाट्याने वर ओढत राहते. वीट हीसुद्धा वातच. तिच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात, आणि जमिनीतले पाणी त्यांतून वर चढते. जमिनीत, विटेच्या मातीत, सिमेंटात, वाळूत जे क्षार असतील ते त्या पाण्यात विरघळून सोबत निघतात. पाणी भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत येते, हवेत उडून जाते. मिठाला उडता येत नाही, ते मागे राहते. वातीच्या टोकाशी काजळी साचावी तसे ते भिंतीच्या तोंडाशी साचते.

पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की भिंतीतले पाणी बाहेर पडायला जागा सापडत नाही. आपले खाण्याचे मीठ घ्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच हवेतले पाणी ओढून पाझरू लागते, म्हणून श्रावणात मिठाची बरणी ओली होते. भिंतीतले मीठही त्या काळात विरघळलेल्या अवस्थेत गुपचूप बसलेले असते. मग पाऊस जातो, आश्विनाचे ऊन तापते, हवा कोरडी होते, आणि चार महिने पाणी प्यायलेली भिंत एकदम सुकू लागते. मीठ फुटते ते तेव्हा. म्हणजे आपण रंगाला हात घालतो तो नेमका मुहूर्त भिंतीच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत वाईट असतो. दिवाळीऐवजी शिमग्यानंतर रंग लावला तर निम्मे रंग वाचतील. पण हे घरात कुणी ऐकून घेईल असा माझा अनुभव नाही.

इथवर ऐकून कुणी म्हणेल की पांढरा डागच ना, पुसून टाकला की झाले. मीठ जोवर भिंतीच्या बाहेर येऊन फुटते आहे तोवर हे म्हणणे खरे आहे. ते दिसायला ओंगळ, पण बहुतांशी निरुपद्रवी असते. खरी हानी होते ती मीठ बाहेर न पडता भिंतीच्या आत, पृष्ठभागाच्या पाव-अर्धा इंच मागे साचू लागते तेव्हा. तिथे छिद्रांच्या अरुंद जागेत स्फटिक वाढू लागतात आणि जागा पुरेनाशी झाली की विटेलाच फोडतात. यांतले सर्वांत दांडगे सोडियम सल्फेट. कोरडे असताना ते एका आकाराचे असते, आणि ओल मिळाली की पाण्याचे दहा रेणू पोटात घेऊन तिपटीहून अधिक फुगते. सुकले की आक्रसते, भिजले की पुन्हा फुगते. दर पावसाळ्याला असा एक फेरा झाला तर वीट किती वर्षे टिकणार?

किती टिकते याचा एक मोठा दाखला सिंधमध्ये आहे. मोहेंजोदडोच्या पक्क्या विटा चार हजारांहून अधिक वर्षे मातीखाली शाबूत राहिल्या. १९२२ नंतर उत्खननाने त्या उघड्या झाल्या आणि काही दशकांतच त्यांचा भुगा होऊ लागला. सिंधू नदीच्या काठचे भूजल वर आलेले, त्यात क्षार भरपूर, आणि वर सिंधचे कोरडे, तापलेले वारे. वात होतीच, उत्खननाने तिला ज्योत मिळाली. १९७४ मध्ये युनेस्कोने हे नगर वाचवण्यासाठी आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू केली, ती १९९७ पर्यंत चालली. भोवती नलिकाकूप खोदून जमिनीतले पाणी खाली नेण्याचा खटाटोप झाला, भिंतींना चिखलाचे लेप दिले गेले. चिखलाचे हे लेप लक्षात ठेवण्याजोगे आहेत. मीठ विटेत न साचता लेपात साचावे आणि लेप झिजला की नवा द्यावा, ही त्यामागची युक्ती. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दुखणे जुनेच आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार मिसर देशात गेला होता. तिथल्या जमिनीतून मीठ फुटते आणि ते पिरॅमिडांनाही खाते, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. आणि कधीकाळी भिंतीच्या या मिठाला मोलही होते. जिथे गुरे बांधली जातात, जिथे शेण-मूत जमिनीत मुरते, तिथल्या लोण्यात सोरा असतो, आणि बंदुकीच्या दारूत तीन हिस्से सोराच लागतो. बिहारातले नोनिया लोक गावठाणाची खारट माती आणि भिंतींचा लोणा खरवडून त्यातून सोरा काढीत. कंपनी सरकारने तो जहाजे भरभरून विलायतेला नेला. १७९३-९४ साली क्रांतीच्या धामधुमीत फ्रान्सच्या सरकारने नागरिकांना आपापल्या तळघरांची माती धुऊन सोरा काढायला लावले होते. आज आपल्या गोठ्यालगतच्या भिंतीचा लोणा कुणी फुकट नेणार नाही, पण ती भिंत इतर भिंतींपेक्षा अधिक का खचते हे यावरून कळावे. युरियाची पोती भिंतीला टेकवून ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

मराठीच्या प्राध्यापकाने या भिंतींच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. त्याचे कारण मी राहतो तो मुलूख. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी जो खारपाणपट्टा पसरला आहे, तिथली विहीर खारी, हातपंप खारा, जमिनीच्या पोटातही क्षार. तिथे वीट थापायची ती खाऱ्या मातीची, भिजवायची खाऱ्या पाण्यात, आणि बांधकामावर पाणी मारायचे तेही खारेच. अशा गावात लोणा न फुटलेले घर शोधावे लागते. आणि या पांढऱ्या भुरीपायी घरे पाडण्याचे निर्णय घेतले जातात, भावाभावांत अबोला धरला जातो, म्हाताऱ्या माणसांना आपली ओसरी सोडून परक्या गावी जावे लागते.

माझ्या मावशीवर ती पाळी आलीच होती. दर्यापूरजवळच्या एका खेड्यात तिचे घर आहे. भाजक्या विटांचे, दीड हात रुंद भिंतींचे, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी बांधलेले. यजमान गेल्यावर ती एकटीच राहते. दोन्ही मुलगे पुण्याला. आठ-नऊ वर्षांपूर्वी रस्त्याच्या बाजूची भिंत गुडघ्याइतकी ओलसर दिसू लागली तेव्हा थोरल्याने मोठ्या हौसेने तिला बाहेरून कंबरभर सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन वर्षांनी ओल गिलाव्याच्या वर, खांद्याइतकी चढली. मग आतून ‘पाणी न शिरणारा’ महागडा रंग लावला. तो पिशवीसारखा फुगून सोलून निघाला आणि त्याच्याबरोबर विटेची कातडीही आली. तेव्हा मुलांनी ठरवले की भिंत सडली, घर पाडावे, जागा विकावी आणि आईला पुण्याला न्यावे. ठेकेदाराचा निवाडाही तोच होता. मावशी म्हणाली, “अरे, या घरात मी सून म्हणून आले. भिंतीला मीठ लागलं म्हणून का घर टाकतं कुणी? मीठ तर मलाही लागलंय.” (तिला रक्तदाबाचा विकार आहे.)

मी एका वयस्क मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. आधी गल्लीत उभे राहून जोते किती उंच आहे ते पाहिले. “सर,” ते म्हणाले, “या घराले पायऱ्या किती होत्या?” मावशीने आतून सांगितले, तीन. आता एकच दिसत होती. गल्लीचा रस्ता दोनदा काँक्रीटचा झाला होता, दर वेळी जुन्यावर नवा थर. दोन पायऱ्या रस्त्याखाली गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर जोतेही. पावसाचे पाणी आता भिंतीपासून दूर जात नव्हते, भिंतीकडेच येत होते. पूर्वी अंगणाची उघडी जमीन आपली ओल आपणच हवेत सोडी. आता अंगणात फरशी, घरात टाइल, बाहेर काँक्रीट. जमिनीतल्या ओलीला वर यायला एकच वाट उरली होती, ती म्हणजे भिंत. तिलाही खालून सिमेंटचा अंगरखा घातल्यावर पाण्याने काय करावे? ते अंगरख्याच्या वर चढले. गुडघ्यावरची ओल खांद्यापर्यंत गेली ती भिंत सडल्यामुळे नव्हे, तिचे तोंड दाबल्यामुळे.

“भित पानी पेते अन् मीठ ओकते,” मिस्त्री म्हणाले. “तुमी तिचं ओकनं बंद केलं, पेनं नाई केलं.” व्याकरणाची पुस्तके चाळण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला हे वाक्य ऐकून हेवा वाटला.

त्यानंतरचे काम सावकाशीचे होते, पण अवघड नव्हते. दिवाळीनंतर सिमेंटचा गिलावा, ओलीच्या रेघेच्या वर हातभरापर्यंत, छिन्नीने काढून टाकला. मागच्या विटांचा तोंडाकडचा अर्धा इंच पिठासारखा झाला होता. त्याच्या आत वीट ठणठणीत वाजत होती. दहा-बारा विटा तेवढ्या बदलाव्या लागल्या. ग्रामपंचायतीला विचारून भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये फूटभर रुंदीचे काँक्रीट कापून घेतले, तिथे जोत्याच्या मूळ तळापर्यंत चर खणला, उताराने भोकांचा पाइप टाकला आणि वर गिट्टी भरली. छपराच्या पागोळ्या सरळ भिंतीच्या पायथ्याशी पडत होत्या, त्यांना पन्हळ लावली. मग भिंत तशीच उघडी ठेवली, तीन-चार महिने. मुलांना हे सर्वांत जड गेले. एवढा खर्च करून उघडीबोडकी भिंत पाहायची! पण सुकणे हेच काम चालले होते. दर आठवड्याला भिंतीवर पांढरा थर येई आणि मावशी तो खराट्याने झाडून सुपात धरी आणि गावाबाहेर टाकून देई. पायथ्याशी टाकला तर पहिल्या पावसात पुन्हा भिंतीत जायचा.

होळीच्या आधी चुन्याचा गिलावा केला. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू, सिमेंट चिमूटभरही नाही. आणि गिलाव्याला, पाणी मारायला, सगळ्याला नळाचे गोडे पाणी. विहीर दहा पावलांवर असताना मिस्त्रींनी तिच्यातला एक पोहरासुद्धा घेऊ दिला नाही. उन्हाने गिलावा भराभर सुकू नये म्हणून ओली तरटे टांगली. चुन्याचा गिलावा सिमेंटपेक्षा नरम आणि सच्छिद्र असतो, त्यातून भिंतीचा श्वास चालू राहतो. उरलेसुरले मीठ विटेत न साचता गिलाव्यात साचते, आणि दहा-पंधरा वर्षांनी गिलावा खचला तर गिलावाच बदलायचा, वीट नाही. मोहेंजोदडोच्या चिखलाची युक्ती ती हीच. आपल्या पूर्वजांनी काळ्या दगडाचे उंच जोते, त्यावर वीट आणि तिच्यावर चुना अशी वाड्यांची रचना केली, तिचे मर्मही यातच आहे. घट्ट बेसाल्ट दगडातून पाणी सहसा चढत नाही, आणि सांध्यांतून जे चढते ते चुना बाहेर सोडतो.

पुढच्या दिवाळीला मी मुद्दाम गेलो. रस्त्याकडची भिंत कोरडी होती. न्हाणीच्या कोपऱ्यात मात्र वीतभर जागेत भुरी आलेली. ओल जमिनीपासून चढली असती तर सगळ्या भिंतीला पट्टा आला असता. एकाच ठिकाणी डाग म्हणजे पाणी तिथलेच. न्हाणीच्या मोरीचा पाइप भिंतीत चिरला होता, तो बदलला. मावशी अजून तिथेच आहे. धाकट्या मुलाने हिशेब केला तेव्हा सगळा खर्च आधीच्या दोन गिलाव्या-रंगांहून कमी भरला. थोरला अजून म्हणतो की घर पाडणेच शहाणपणाचे होते, आणि त्यावरून दोघे भाऊ एकमेकांशी जेवढ्यास तेवढेच बोलतात.

आता प्रत्यक्ष डाग काढण्याविषयी. पहिली गोष्ट म्हणजे पाण्याची बादली आणि कुंचा घेऊन भिंत धुवायला निघू नये. धुतल्यावर मीठ दिसेनासे होते, कारण ते विरघळून पुन्हा भिंतीत शिरलेले असते. दोन दिवसांनी ते हजर. शिवाय वर सांगितलेले सोडियम सल्फेट नेमके अशा भिजण्याचीच वाट पाहत असते. कोरड्या दिवशी, कोरड्या काथ्याच्या ब्रशाने किंवा खराट्याने झाडावे आणि पडलेली भुरी कागदावर धरावी. तारेचा ब्रश नको, तो विटेची भाजलेली कातडी ओरबाडतो आणि आतला नरम भाग उघडा पाडतो. पाण्याची वाट बंद केलेली असेल तर काही महिन्यांत भुरी आपोआप कमी होत जाते.

कोरीव दगडावर किंवा उघड्या विटांच्या देखण्या भिंतीवर मीठ फारच रुतले असेल तर लेप द्यावा. मुलतानी माती किंवा कागदाचा लगदा क्षार नसलेल्या पाण्यात कालवावा. पावसाचे धरून ठेवलेले पाणी उत्तम, नाहीतर मोटारीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. अर्धा इंच जाडीचा लेप देऊन तो पूर्ण सुकू द्यावा. लेपातले पाणी आधी भिंतीत शिरते, मीठ विरघळवते आणि सुकताना ते लेपात ओढून आणते. सुकलेला लेप अलगद काढून फेकून द्यावा आणि लागल्यास दोन-तीनदा तसेच करावे. पूर्वीच्या बायका गळूवर पोटीस बांधीत, त्यातलाच हा प्रकार.

सगळेच पांढरे डाग मात्र लोण्याचे नसतात. गच्चीच्या कठड्याखाली, सज्जाच्या पोटाला पांढरे कडक ओघळ दिसतात. ते पाण्याच्या थेंबाने विरघळत नाहीत आणि लिंबाच्या रसाने फसफसतात. सिमेंटातला चुना पाण्याबरोबर बाहेर आला आणि हवेतला कर्बवायू लागून दगडासारखा घट्ट झाला, असा हा डाग. ताजा असताना लाकडी पट्टीने खरवडून निघतो. जुना असला तर लोक थेट ॲसिडची बाटली आणतात. मोरी साफ करण्याचे ते हायड्रोक्लोरिक ॲसिड डाग खातेच, पण सोबत विटांच्या सांध्यांतला चुनाही खाते आणि मागे कॅल्शियम क्लोराइड हे नवे मीठ ठेवून जाते. ते हवेतलेच पाणी ओढते, म्हणजे एक दुखणे काढून दुसरे घरात घेतले. त्याचे वाफारे फुप्फुसांना घातक असतात ते वेगळेच. लोण्यावर तर हे कधीच वापरू नये. लोखंडी गजांखाली येणारे तांबूस डाग गंजाचे, तिथे भिंतीशी भांडण्यात अर्थ नाही, गजाला रंग द्यावा.

शहरातल्या सदनिकांत जमिनीतून ओल चढायचा प्रश्न तळमजल्यापुरताच. वरच्या मजल्यांवर लोणा दिसला की पाणी वरून किंवा शेजारून येते आहे असे समजावे: गच्चीची भेग, शेजाऱ्यांचे न्हाणीघर, बाल्कनीतल्या कुंड्या, खिडकीच्या वरचा सज्जा, वातानुकूलन यंत्राची ठिबकणारी नळी. शेजाऱ्यांकडे जाऊन हे सांगणे भिंत दुरुस्त करण्यापेक्षा कठीण असते याची मला कल्पना आहे. पण आतून रंगाचे थर चढवत बसणे हा त्याला पर्याय नव्हे.

नवे घर बांधणाऱ्यांचे काम सोपे आहे, कारण त्यांच्या हातून अजून काही बिघडलेले नसते. विटा उघड्या काळ्या मातीवर रचून ठेवू नयेत, खाली फळ्या किंवा जाड प्लास्टिक टाकावे. बांधकाम अर्ध्यावर असताना पाऊस आला तर भिंतीचे माथे झाकावेत. उघड्या माथ्यातून एका पावसाळ्यात भिंत जेवढे पाणी पिते तेवढे पुढे कित्येक वर्षांत पीत नाही. कोकणपट्टीत खाडीची वाळू स्वस्त मिळते, ती गोड्या पाण्याने नीट धुतल्याशिवाय घेऊ नये. जोत्यावर, बाहेरच्या जमिनीपासून किमान सहा इंच उंचीवर, ओल अडवणारा अखंड थर हवाच. आणि हे सहा इंच मोजताना पुढे रस्ता उंच होणार आहे हे धरून मोजावे, म्हणजे जोते दोन-तीन फूट घ्यावे.

विटा घेताना भट्टीवाल्याच्या शपथांवर न जाता त्यांची परीक्षा घ्यावी. आय. एस. ३४९५ या भारतीय मानकात ही परीक्षा सांगितली आहे आणि ती कुणालाही घरी करून पाहता येते. सपाट तळाच्या ताटलीत इंचभर शुद्ध पाणी घेऊन त्यात चार-पाच विटा उभ्या ठेवायच्या. खोली उबदार आणि वारा खेळणारी असावी. वीट सगळे पाणी पिऊन टाकते आणि ते हवेत उडून जाते. मग तेवढेच पाणी पुन्हा घालायचे, तेही उडू द्यायचे आणि विटेकडे पाहायचे. उघड्या भागापैकी दहा टक्क्यांपर्यंत पातळ पांढरेपणा असेल तर लोणा किंचित, त्याहून अधिक पण निम्म्या भागापर्यंत असेल आणि वीट भुरभुरत नसेल तर मध्यम, निम्म्याहून अधिक असेल तर भारी, आणि वीट भुरभुरून पापुद्रे सुटू लागले तर ती गंभीर. साध्या विटांना आय. एस. १०७७ हे मानक ‘मध्यम’च्या पुढे जाऊ देत नाही, वरच्या प्रतीच्या विटांना ‘किंचित’च्या पुढे नाही. खारपाणपट्ट्यात मात्र साध्या कामालाही ‘किंचित’च धरावे, असे मिस्त्रींचे मत आहे आणि मला ते पटते. परीक्षेसाठी विटा भट्टीच्या एकाच कोपऱ्यातून उचलू नयेत. वरची, मधली, खालची अशा वेगवेगळ्या घ्याव्यात, कारण भाजणी सगळीकडे सारखी होत नसते. भट्टीवाला ताटलीत विटा ठेवलेल्या पाहून हसेल, त्याला हसू द्यावे आणि पैसे निकाल पाहिल्यावर द्यावेत.